लाल ठिपक्यांचा स्विस गणवेश

छोटे देश मोठ्या देशांच्या लष्करी गणवेशाची कॅमोफ्लाज नक्षी (सैनिक परिसरात मिसळून जावा म्हणून केलेली) जशीच्या तशी उचलतात, असं म्हटलं जातं; ते स्वित्झर्लंडच्या बाबतीत मला अपुरं वाटतं. त्यांच्या जुन्या गणवेशाचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत तयार झालेल्या 'लायबरमुस्टर' नक्षीत आहे, हे खरं. पण स्विसांनी तीत ठळक लाल छटा आणली. फोटोत ती भडक दिसते, मात्र आल्प्सच्या पायथ्याशी शरद ऋतूत पानगळीचं जंगल बघा, तांबूस पानांच्या सड्यात तो लाल सहज मुरतो! उन्हाळ्याच्या हिरवाईत मात्र तोच उठून दिसणार. 1990 च्या दशकात आलेल्या 'टाझ 90' या नव्या स्विस लष्करी गणवेशातून लाल गेला. माझ्या मते जुनीच नक्षी जास्त देखणी आणि त्या भूमीची होती.