कळलावीचा लेप आणि त्यातला धोका
बाळंतपण अडलं की कळलावी या रानवेलीचा कंद उगाळून ओटीपोटावर आणि तळपायाला लावायचे, हे खरंच आहे, जुन्या सुईणी करायच्या. पण काही जण या लेपाबद्दल "नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही" म्हणतात, ते मात्र अजिबात पटत नाही. आयुर्वेदातच तिला लांगली म्हणून उपविषात (दुय्यम विषांच्या गटात) टाकलंय आणि गोमूत्रात शोधन (विषारीपणा कमी करायची प्रक्रिया) केल्याशिवाय वापरायची नाही असं सांगितलंय, ते काय उगाच?

कळलावीत कोल्चिसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. गाऊटवर (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर) डॉक्टर हेच औषध देतात पण मिलिग्रॅमच्या हिशोबात, आणि कंदात किती आहे ते घरी बसून कोण मोजणार? शिजवलं तरी ते जात नाही. कंद रताळं किंवा रानकंद समजून खाल्ल्याने माणसं दगावलीयत. आधी काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग जरा बरं वाटतं आणि लोक निर्धास्त होतात, खरा घोळ त्यानंतर, किडनी, रक्तपेशी सगळ्यावर परिणाम, वाचला तर आठवड्या-दोन आठवड्यांनी केस गळतात. त्यामुळे कुणी खाल्लं असेल तर उलट्या व्हायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा आणि झाडाचा तुकडा सोबत न्या, घरगुती उतारे नकोत.

पावसाळ्यात सह्याद्रीत दिसते तेव्हा लाल-पिवळं फूल इतकं भारी असतं की मोह होतोच, फोटो काढा ना खुशाल. बागेत लावलीच असेल तर लहान मुलं, गुरं पोचणार नाहीत अशी जागा बघा, कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवा. आणि गरोदर बाईवर हा लेप कृपा करून नको.