वॅगन-आरचे टायर गेले, हातात साडेसात हजार, पाऊस तोंडावर. काय करू?

कोकमवाली_जामसंडे

नमस्कार. मी देवगडजवळ जामसंड्याला राहते. घरी कोकमाचं आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ करते आणि २०१४ च्या वॅगन-आरमधून कणकवली-कुडाळच्या दुकानांना पोचवते. महिन्यातून एक फेरी नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाट चढून कोल्हापूरला. गाडी तीन वर्षांपूर्वी जुनीच घेतली, पण आमचं घर तिच्यावर चालतं.

परवा पुढच्या डाव्या चाकात हवा भरताना पंक्चरवाल्या पोराने माझा हात धरून टायरच्या आतल्या कडेला लावला. साफ गुळगुळीत. बाहेरून बघितलं तर नक्षी दिसते, आणि मी इतके दिवस बाहेरूनच बघत होते. रात्री झोप लागली नाही. गेल्या जूनमध्ये दाजीपूरहून खाली उतरताना ब्रेक लावल्यावर गाडी चांगली हातभर सरकली होती, तेव्हा मी चिखलाला दोष दिला. मागे आगळाचे ४० कॅन होते आणि शेजारी माझी बारा वर्षांची मुलगी.

साइज १४५/८० आर १३. कणकवलीत दोन ठिकाणी विचारलं. नवीन टायर कंपनीप्रमाणे २,९५० ते ३,५०० रुपयांना एक. चार घेतले तर बाकीचा खर्च धरून तेरा हजारांच्या पुढे जातं. माझ्याकडे साडेसात आहेत. दुकानदारांकडे सोळा हजार अडकलेत, पण गणपतीला चाकरमानी येऊन माल खपल्याशिवाय ते सुटणार नाहीत. रातांबे (कोकमाची फळं) घ्यायला बचत गटाचं कर्ज आधीच काढलंय, आणखी उधारी नको.

तिसऱ्या एका दुकानात वापरलेले टायर आहेत, १,२०० ला एक. काळेभोर दिसतात. शिवाय माझी स्टेपनी गाडीबरोबर आलेली, रस्त्याला कधी लागलेलीच नाही, नक्षी कोरी आहे. ती लावली तर तीनच घ्यावे लागतील.

चार जुने घेऊ, की दोन नवे? दोन नवे घेतले तर पुढे लावू की मागे? ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे मोजलेत त्यांनी सांगा.

मालवणचो_ड्रायव्हर

ताई, मी चौदा वर्सां टुरिस्टची गाडी चालवतंय. गोव्यात जावा. पेट्रोल थंय स्वस्त, टायर पण स्वस्त गावतले. उसगावाक एमआरएफचो कारखानोच आसा.

आणि एक इचारून बघा. नवी गाडी घेतलेली पोरां लगेच मोठे टायर घालतत. तेंचे काढलेले कंपनीचे टायर दुकानात पडान रवतत, नव्यासारखेच. तसे गावले तर सोडू नकात.

टायरवाला_कुडाळ

ताई, मी स्वतः टायर विकतो, हे लक्षात ठेवूनच माझं वाचा.

आधी गोव्याचं. टायरवरचा जीएसटी देशभर सारखाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, गोव्यात आणि आपल्याकडे एकाच दिवशी. कारखाना जवळ असला म्हणून दुकानातला भाव उतरत नाही. जाण्यायेण्याच्या पेट्रोलमध्ये तुमचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, होईल. काढलेल्या टायरांची सूचना मात्र खरी आहे. फक्त तुमच्या १३ इंची मापात ते फार क्वचित येतात, कारण टायर बदलण्याची हौस मोठ्या चाकांच्या गाडीवाल्यांना असते.

आता १,२०० च्या टायरांबद्दल. काळेभोर दिसतात याचा अर्थ पॉलिश मारलंय, एवढाच. टायरच्या कडेला डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. ०९१८ असेल तर २०१८ सालचा नववा आठवडा. हे चार आकडे बऱ्याच टायरांना एकाच बाजूला असतात, तेव्हा चढवण्यापूर्वी दोन्ही बाजू फिरवून बघा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी कितीही असो, हात लावू नका. आतून टॉर्च मारून पॅच बघा. कडेला फुगा आलाय का, बारीक भेगा आहेत का, तेही बघा. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे संपलेल्या टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कोरतात. खाचेच्या तळाशी रबर इतकं पातळ उरतं की आपल्या चिऱ्याच्या कपच्या पडलेल्या रस्त्यावर ते एका पावसाळ्यात फाटेल. खाचांच्या कडा उगाच धारदार आणि खोली कुठे कमी कुठे जास्त लागली, तर समजा कोरलेला आहे.

नवा घेतानाही तारीख वाचून घ्या. दीड-दोन वर्षं पडून असलेल्या मालावर भाव पाडून मागा.

निवृत्त_एसटी_मेकॅनिक

ताई, एस.टी.च्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली. तुम्ही चार टायर गेले म्हणता, पण मोजलाय तुम्ही एकच. काडेपेटीची काडी घ्या, खाचेत उभी घाला, नखाने खूण करा, मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. प्रत्येक चाकाला तीन जागी: आत, मध्ये, बाहेर. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर असते. १.६ ला कायद्याने टायर संपतो, खाचेत आडव्या बारीक पट्ट्या असतात त्या त्याच मापाच्या. पण आपल्या पावसात ३ च्या खाली गेला की तो पाणी बाहेर फेकत नाही, पाण्यावर तरंगतो. दाजीपूरच्या उताराला तुमचं तसंच काहीतरी झालं असणार.

स्टेपनीचं मनातून काढून टाका. बारा वर्षांत रबर न वापरताही कडक होतं, खाऱ्या हवेत आणि उन्हात उभ्या गाडीत तर नक्कीच. ती पंक्चरवाल्यापर्यंत हळू जाण्यापुरती. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेलेही, कोणी सुचवेल. आम्ही ते बसच्या मागच्या जोडचाकांना वापरायचो. तुमच्या गाडीला एका बाजूला एकच चाक आहे.

आणि आतल्या कडेने टायर खाल्ला जातोय, त्याचं कारण टायरमध्ये नाही. ते आधी शोधा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

कोकमवाली_जामसंडे

काका, आत्ता अंगणात बसून मोजलं, मुलीने लिहून घेतलं. पुढचा डावा: बाहेर ३, मध्ये २, आत काडी शिरतच नाही, खाचच उरली नाही. पुढचा उजवा: २, २, १. मागचे दोन्ही साडेचार, सगळीकडे सारखे! मला वाटलं होतं चारही एकाच वेळी बदललेले म्हणजे सारखेच झिजले असतील. तारीख ३१२२. स्टेपनीची १८१४, आणि वाकून बघितलं तर कडेला केसासारख्या भेगा आहेतच.

गाडी घेतली त्या वर्षी एका गॅरेजने चारही टायर बदलले, पण अलाइनमेंट केलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

निवृत्त_एसटी_मेकॅनिक

मग तुमचा प्रश्न अर्धा झाला. वॅगन-आरला इंजिनाची ओढ, वळणं आणि बराचसा ब्रेक पुढच्या चाकांवर, म्हणून पुढचे आधी संपतात. दोन नवे घ्या. नवे मागे लावा, मागचे साडेचारवाले पुढे आणा.

मालवणचो_ड्रायव्हर

काकानू, ब्रेक पुढे लागता तर नवे पुढेच होये मा?

निवृत्त_एसटी_मेकॅनिक

सगळ्यांना तसंच वाटतं. पण पाण्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते. तुम्ही पाय काढता, वेग उतरतो, स्टिअरिंग परत धरतं. मागची पकड सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि घाटाच्या वळणावर ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. ताईंच्या मागे तर दोनशे किलो आगळ आहे, ते मागचं टोक आणखी बाहेर फेकणार.

टायरवाला_कुडाळ

काका बरोबर सांगतायत. टायर कंपन्याही हेच सांगतात. गिऱ्हाईक मात्र पुढेच लावा म्हणतं. ताई, तुम्ही ठाम राहा. आणखी एक, टायर उतरवल्यावर रिमची कड बघून घ्या. आपल्याकडे किनाऱ्याला लोखंडी रिम तिथेच गंजते आणि टायर नवा असूनही हवा हळूहळू उतरते. तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा. व्हॉल्व्हही नवे टाका, पन्नास रुपयांसाठी जुने ठेवू नका.

कोकमवाली_जामसंडे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काम झालं, तपशील लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

१,२०० वाले टायर बघायला मुद्दाम गेले. चारांपैकी दोन २०१७ चे निघाले, एकाला आतून तळहाताएवढा पॅच. दुकानदाराने तारीख वाचू दिली, पण तोंड पाडलं. तिथून निघाले ते सरळ कणकवली.

दोन नवे २,९५० प्रमाणे ५,९००, तारीख ह्याच वर्षाची. व्हॉल्व्ह १००, चारही चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) ४००, अलाइनमेंट ४००. अलाइनमेंटवाल्याने गाडी उचलून पुढचं डावं चाक हलवून दाखवलं, लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबर, फाटलेले होते. तेच आतली कड खात होतं. ते बदलल्याशिवाय अलाइनमेंट टिकणार नाही म्हणाला, त्याचे मजुरीसह ६५०. एकूण ७,४५०.

नवे मागेच लावले. मेकॅनिकने दोनदा विचारलं, मी दोनदा मागेच म्हटलं. रिमची कड गंजलेली होती, घासून घेतली. पुढची जोडी गणपतीनंतर पैसे आले की. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला काडीने मोजायचं काम मुलीने स्वतःहून घेतलंय, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चार रकाने आखलेत.

मालवणच्या भाऊंना सांगायचं राहिलं, काढलेल्या टायरांसाठी, नवे घेतले त्या दुकानात माझा नंबर लिहून आले आहे. आपल्या मापाची जोडी आली तर फोन करतील.

उद्या पहाटे फोंडा घाटाने कोल्हापूर. ह्या वेळी ४० ऐवजी ३० कॅन भरलेत आणि हवा दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जी लिहिलीय तेवढी, चाकं थंड असताना भरून घेतली.