प्लास्टिकची गिटार पुरे, आता तारांची द्या

मध्यलय

डिसेंबर २०२३ मध्ये फोर्टनाईट या व्हिडिओ गेममध्ये ‘फेस्टिव्हल’ हा गाणी वाजवायचा खेळ आला आणि पाठोपाठ बाजारात नव्या प्लास्टिकच्या गिटारी आल्या. ओळखीच्या काही घरांत मुलं पुन्हा ती पाच रंगीत बटणं घेऊन बसलेली दिसतात आणि पालक सांगतात, ‘संगीताची ओढ आहे त्याला, सध्या यावर शिकतोय, क्लासचं पुढे बघू.’ या ‘पुढे बघू’ला माझा विरोध आहे. ज्या मुलाला हे रोज तासभर खेळावंसं वाटतं, त्याचा तो तास खऱ्या वाद्याला द्या, आणि आत्ताच द्या.

२००५ साली हार्मोनिक्स या कंपनीने ‘गिटार हिरो’ काढला, तेव्हापासून या खेळाचा गाभा तोच आहे. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असतं. पडद्यावरून खाली सरकणारी टिकली रेषेपाशी आली की त्या रंगाचं बटण धरून स्ट्रम बार, म्हणजे तारांच्या जागी असलेली पट्टी, हलवायची. वेळ साधली तर मूळ वादकाची गिटार ऐकू येते. चुकली तर ती तेवढ्यापुरती बंद पडते आणि खट्ट असा आवाज येतो, तोही आधी भरून ठेवलेला. म्हणजे मुलाच्या बोटांतून चांगला किंवा वाईट, कुठलाच सूर निघत नाही.

खऱ्या गिटारवर सुरुवातीला तार खरखरते, दबते, शेजारच्या तारेला बोट लागून ती मुकी होते. बोटं दुखतात, मग घट्टे पडतात. एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात ती) नीट वाजेपर्यंत कित्येक जण गिटार कोपऱ्यात ठेवून देतात. पण तार फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, किती जवळ दाबायची आणि किती जोराने, हे ती खरखर ऐकूनच कळतं. आपला वाईट आवाज आपल्या कानाने ऐकून हात बदलणं, हेच तर शिक्षण. खेळाने नेमकं तेच काढून टाकलंय.

चौथा_पॅड

तुम्ही फक्त गिटार धरून बोलताय. २००७ च्या ‘रॉक बँड’ या अशाच खेळात ड्रम होते, चार पॅड आणि पायाचं पेडल. एक्स्पर्ट पातळीवर ड्रमचा जो नकाशा समोर येतो, तो बराचसा मूळ ड्रमरने वाजवलेलाच असतो. उजवा हात हाय-हॅट (झांजांची जोडी) धरतो, डावा स्नेअरवर (मधल्या छोट्या ड्रमवर) पडतो, पाय वेगळंच काही करतो. दोन हात आणि एक पाय एकमेकांपासून सोडवणं ही ड्रम शिकताना पहिली मोठी अडचण असते, आणि माझी ती खेळातच सुटली. खऱ्या सेटवर बसलो तेव्हा साधा रॉक बीट पहिल्याच बैठकीत हाताखाली आला. हलका घाव, जोराचा घाव हे मात्र शून्यापासून शिकावं लागलं, कारण गुण देताना खेळ त्यात फरक करत नाही. काठी पॅडवरून उसळू कशी द्यायची, तेही तसंच.

आणि गाण्याचं काय? माईक हातात घेऊन मूल जे गातं तो त्याचा स्वतःचा गळा आहे. खेळ त्याचा सूर मोजतो. २००९ च्या बीटल्सवरच्या रॉक बँडमध्ये तर तीन आवाजांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी तीन वेगळ्या सुरांच्या ओळी, गाता यायची. शेजारचा वेगळी ओळ गातोय आणि आपली सोडायची नाही, याचा सराव किती क्लासमध्ये मिळतो? (सप्तक कुठलंही चालतं, वरचा सा लावा की खालचा, खेळाला सारखेच. ही उणीव आहे खरी.) त्यामुळे ‘कुठलाच सूर निघत नाही’ हे गिटारपुरतं म्हणा, सगळ्यावर लादू नका.

शाई_आणि_गट्टे

मी तबला शिकवतो. असले खेळ खेळून आलेली मुलं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितो.

त्यांचा हात वेळेवर पडतो, आणि इतरांपेक्षा चांगला पडतो, हे मी मान्य करतो. पण ती वेळ त्यांना डोळ्यांनी समजलेली असते. समोर काही सरकत नसलं की तीनतालाचा ठेका चार आवर्तनांत पळायला लागतो. सोळा मात्रांत ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) नवव्या मात्रेला आली हे पोटातून कळायला हवं, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, यायच्या आधीच तिची चाहूल लागायला हवी. खेळात पुढे काय येणार ते सतत दिसत असतं. त्यामुळे वाट बघण्याची सवयच लागत नाही, आणि तबल्यात अर्धी तालीम त्या वाट बघण्याचीच असते.

दुसरी गोष्ट. टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून या खेळांत तो उशीर मोजून सेटिंगमध्ये भरावा लागतो. एकदा भरला की संपलं. साथीला बसल्यावर गायक आलाप लांबवतो, मुखडा मुद्दाम मागे धरतो, आणि ते अंतर दर आवर्तनाला वेगळं असतं. ते कानानेच भरून काढायचं. ध्वनिमुद्रित गाणं तुमच्यासाठी कधी थांबत नाही आणि तुमच्याकडून काही घेतही नाही. ‘ना’ चाटेवर (तबल्याच्या काठावर) आणि ‘तीं’ लवेवर (काठ आणि शाईच्या मधल्या भागावर), हा बोटभर फरक तर पुढची गोष्ट झाली.

एडिसनकर_आई

सर, तुमचं सगळं पटतं, पण प्रत्येक मुलाने वादक व्हावं असं कोणी ठरवलं? माझ्या मुलाने खेळ खेळून गिटार मागितली, आम्ही घेतली, क्लास लावला, तीन महिन्यांत त्याने सोडली. खेळ तो अजून बहिणीबरोबर खेळतो. दोघं एका सोफ्यावर बसून एकाच गाण्यात हसतात, हे मला पुरेसं वाटतं. क्रिकेटचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाला कोणी नेट प्रॅक्टिसला जा म्हणत नाही. गिटारच्या खेळावरच हा भार का?

इथे अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या दिवसात शाळा, शनिवारची मराठी शाळा, पोहणं, गणिताचा क्लास असं सगळं भरलेलं असतं. एक गोष्ट तरी निकालाशिवाय असू दे त्यांच्या वाट्याला.

मध्यलय

ताई, तुमच्या घरातल्या खेळाला माझा विरोध नाहीच. तुम्ही त्याला खेळ म्हणताय. क्रिकेटचा गेम म्हणजे सराव असं कोणी मानत नाही, म्हणून तिथे भांडणही नाही. इथे मात्र पालक त्याला पहिली पायरी समजून क्लास लांबणीवर टाकतात. विरोध त्या लांबणीला आहे.

सहावी_तार

तुम्ही दोन टोकं धरून बसला आहात. २०१० च्या ‘रॉक बँड ३’साठी खऱ्या तारांची ‘स्क्वायर स्ट्रॅटोकास्टर’ ही गिटार निघाली होती आणि २०११ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीचा ‘रॉकस्मिथ’ हा खेळ आला. त्यात घरातली कुठलीही इलेक्ट्रिक गिटार केबलने जोडायची. गाणं सुरू व्हायच्या आधी खेळ ती गिटार सुरात लावून घेतो. सुरुवातीला मोजकेच सूर मागतो आणि जमत गेलं की वाढवतो. अवघड तुकडा संथ करून पुन्हा पुन्हा घोटता येतो. गावात गिटारचा शिक्षक नाही, आठवड्यातून एकदा बस पकडून तालुक्याला जावं लागतं, अशा मुलाला हा मोठा आधार आहे. मी याच आधारावर शिकलो.

मर्यादाही सांगतो. कुठला सूर वाजला हे खेळाला कळतं, कसा वाजला हे नाही. मनगट वाकडं पडत होतं, अंगठा गिटारच्या मानेवरून वर येत होता. ते पडद्याने कधीच सांगितलं नाही. पहिल्यांदा माणसासमोर वाजवलं तेव्हा त्याने दोन मिनिटांत हात धरून सरळ केला.

एडिसनकर_आई

मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला ड्रम आवडतात. तिच्यासाठी काय करू, एवढं सांगा.

शाई_आणि_गट्टे

खेळ बंद करू नका, ताई. तिला पाठ असलेलं गाणं लावा, टीव्हीचं चित्र बंद ठेवा आणि फक्त टाळी धरायला सांगा. मग मध्येच आवाज शून्यावर न्या, थोड्या वेळाने परत वाढवा. टाळी गाण्याशी जुळलेली राहिली तर तिला लगेच गुरूकडे न्या. नाही राहिली तरी न्या, फक्त गुरूंना आधी सांगा की हिला डोळ्यांनी मोजायची सवय आहे.

चौथा_पॅड

ही परीक्षा योग्य आहे. पण सर, एक्स्पर्टला वेगाने वाजवणारा कोणी टिकली बघून हात टाकत नाही, तेवढा वेळच नसतो. गाणं अंगात असतं म्हणून हात पडतो. तुमच्याकडे आलेली मुलं बहुतेक सोप्या पातळीवर अडकलेली असावीत. ताई, मुलीची परीक्षा घ्याल तेव्हा ती कुठल्या पातळीवर खेळते तेही इथे लिहा.