एक पनीनो, दोन पनीनी, पण 'पनीनीज' कुठून आले?

इथे इंग्लंडात आमच्या ऑफिसखालच्या कॅफेत रोज दुपारी 'टू पनीनीज प्लीज' ऐकू येतं आणि टीममधला इटालियन सहकारी डोळे मिटून घेतो. पनीनी हेच मुळात अनेकवचन, एक असेल तर पनीनो. पाने म्हणजे पाव, त्याला '-ईनो' लागून छोटा पाव, आणि आत काही भरलं तरी पनीनोच. इंग्रजीत मात्र पनीनी म्हणजे दाबून भाजलेलं सँडविच. त्याच्या कानाला पनीनीज म्हणजे आपल्याला कुणी 'इडल्याज' म्हणावं तसं लागत असणार.

मग मी शब्द वेचायला लागलो. स्पागो म्हणजे सुतळी, स्पागेत्तो म्हणजे बारीकशी सुतळी, आणि ताटात येतात त्या स्पागेत्ती. इटलीत त्या 'तयार आहेत', इंग्रजीत ते 'तयार आहे'. राविओली, बिस्कोत्ती, सलामी, ब्रोकोली ही सगळी अनेकवचनंच. अमेरिकेतली झुकिनीसुद्धा (ब्रिटिशांनी त्या भाजीला फ्रेंच नाव घेतलं, कूर्झेत). कारण साधं असावं: एकच स्पागेत्तो कोण मागणार? शब्द ढिगाने आले, ढिगानेच घेतले गेले. पिझ्झा तेवढा एकटा आला म्हणून एकवचनी राहिला. त्याचं घरचं अनेकवचन 'पित्से', ते बाहेर कुणालाच ठाऊक नाही.

याला चूक म्हणायचं का?

प्रतिसाद १
चूक कसली? 'बसमध्ये एक लेडीज उभी होती' हे आपण रोज म्हणतोच की! 'एक सॉक्स सापडत नाहीये' हेही. परक्या भाषेतलं अनेकवचन आपल्याला अखंड शब्दच वाटतो. उलट पोर्तुगिजांकडून बटाटा घेतला आणि सरळ बटाटे केले, 'बटाटास' कुणी म्हटलं नाही. तुमच्या सहकाऱ्याला विचारा, इटालियनमध्ये दोन फिल्म्सना काय म्हणतात? 'दुए फिल्म'. इंग्रजी 'स' त्यांनी केव्हाच गाळलाय. कॉम्प्युटर, स्पोर्ट, बार, सगळ्यांचं तेच.

प्रतिसाद २
अनेकवचन एक वेळ चालेल, उच्चाराचं काय? ब्रुस्केत्ताला 'ब्रुशेटा' म्हणणारे वेटर मी पाहिलेत, आणि बरोबर म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सुधारणारेही. इटालियनमध्ये ए-ईच्या आधी 'सी' आला की च होतो. क टिकवायचा असेल तर मध्ये 'एच' घालतात. म्हणून ब्रुस्केत्ता, न्योक्की, त्सुक्कीनी. इंग्रजी वाचणाऱ्याला 'सीएच' दिसला की च किंवा श सुचतो, म्हणजे तो आपल्या शाळेच्या नियमाने वाचतोय.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघा, ई आली की झ मऊ होतो. इटालियनमध्ये अमीको म्हणजे मित्र आणि अनेक मित्र म्हणजे अमीची. आणि पिझ्झा मुळात 'पीत्त्सा' आहे, त्यातला 'त्स' म्हणजे 'चाक'मधला च, 'चहा'तला नव्हे. देवनागरीत जोडाक्षर लिहायची सोय असताना आपण इंग्रजीवरून उचलून 'झ्झ' लिहितो! द्वित्ताला तर तिकडे फार महत्त्व. पेन्ने (तो नळीसारखा पास्ता) म्हणजे लेखण्या, पिसं. त्यातला एक न खाल्लात, तर जे मागवाल ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

प्रतिसाद ३
मी न्यू जर्सीत असते. इथली जुनी इटालियन मंडळी कापोकोल्लोला (डुकराचं खारवलेलं मांस) 'गाबागूल' म्हणतात, मोत्सारेल्लाला 'मुत्सारेल'. मला आधी वाटलं, अमेरिकेत येऊन बिघडले. तसं नाही. 1880 ते 1920च्या दरम्यान आलेली बहुतेक माणसं नेपल्स, सिसिली अशा दक्षिण भागातली. तिकडच्या बऱ्याच बोलींत शेवटचा स्वर पडल्यात जमा असतो, क चा ग होतो. तेव्हा 'चुकीचं' कुणाचं? पणजोबांचं की शाळेतल्या प्रमाणभाषेचं?

प्रतिसाद ४
आमची गोष्ट ऐका. रोममध्ये आम्ही चौघं, सगळे शाकाहारी. मेन्यूत 'पेपेरोनी' दिसलं, म्हटलं नको रे बाबा, मांस असणार. चार मार्गेरिता मागवले. शेजारच्या टेबलावर तोच पेपेरोनीवाला पिझ्झा आला, बघतो तर वर लाल-पिवळी ढोबळी मिरची! तिकडे पेपेरोने म्हणजे ढोबळी मिरची, पेपेरोनी हे तिचं अनेकवचन. मसालेदार सॉसेजला ते नाव अमेरिकेत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी ऐटीत 'लात्ते' मागितली. अगदी द्वित्त सांभाळून, प्रतिसाद २वाल्यांनी शाबासकी द्यावी असा उच्चार. आलं काय, तर पेलाभर दूध. लात्ते म्हणजे दूधच की. बिल दिलेलं, म्हणून प्यायले बिचारे.