बीओक्यूत १५ मिमी प्लास्टर, ड्रॉइंगवर १८: कोणतं धरायचं?

गिलावा_२४००: सीपीडब्ल्यूडीचं (केंद्रीय बांधकाम खात्याचं) काम. बाहेरच्या प्लास्टरला बीओक्यूत (कामांचं वर्णन, परिमाण आणि दर यांच्या यादीत) '१५ मिमी, १:६', म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. ड्रॉइंगच्या टिपेत १८ मिमी, दोन थर: खाली १२ मिमी १:५, वर ६ मिमी १:३. क्षेत्र २,४०० चौ.मी. जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणतात, ड्रॉइंगप्रमाणे करा, दर बीओक्यूचाच. काय करावं?

ओळंबा: तोंडी सांगण्यावर एक घमेलं माल कालवू नका. जीसीसीतलं (कराराच्या सर्वसाधारण अटींतलं) ८.१ काढा. तफावत आली तर आधी बीओक्यूतलं आयटमचं वर्णन, मग विशेष स्पेसिफिकेशन आणि विशेष अटी, मग ड्रॉइंग, त्याखाली सीपीडब्ल्यूडी स्पेसिफिकेशन, शेवटी आयएस, म्हणजे भारतीय मानकं. ड्रॉइंग तिसरं. १८ हवं असेल तर तो बदल झाला, दर जीसीसीच्या कलम १२ (कामातले बदल) प्रमाणे. नुसते ३ मिमी धरले तरी ७.२ घनमीटर माल जास्त. वर दुसऱ्या थराची मजुरी, परांची तेवढे दिवस अडकलेली, आणि १:३ ला वाळूच्या मानाने सिमेंट दुप्पट.

कलम_बारा: बरोबर, पण आधी शुद्धिपत्रक आणि प्री-बिडची (निविदा भरण्याआधीच्या शंकांची) उत्तरं चाळा. तिथे आयटमचं वर्णनच बदललेलं असेल तर मूळ बीओक्यू दाखवून उपयोग नाही. नसेल तर ईईंना (कार्यकारी अभियंत्यांना) पत्र द्या: आयटम क्रमांक, ड्रॉइंग क्रमांक, रिव्हिजन, ८.१ चा उल्लेख. लेखी उत्तर येईपर्यंत आतलं प्लास्टर उरका. १८ चा आदेश आला तर खालचा थर झाकण्याआधी जाडी मोजून जेईंची सही घ्या, नंतर भिंत फोडल्याशिवाय काही कळत नाही. आदेशाविना केलंत तर करार कायद्याचं कलम ७० उरतं: फुकट म्हणून न केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायचा. ते लवादात झगडून मिळवायचं.

गिलावा_२४००: वीटकाम आणि आरसीसीच्या सांध्यावरची जाळीही फक्त ड्रॉइंगवर आहे. तिलाही ८.१?

ओळंबा: नाही. बीओक्यू जाळीबद्दल गप्प आहे. गप्प असणं म्हणजे तफावत नव्हे, इथे ड्रॉइंग भर घालतंय. जाळी लावावीच लागेल. प्लास्टरच्या दरात ती धरलेली नसेल तर एक्स्ट्रा आयटम (बीओक्यूत नसलेल्या कामाचा वेगळा दर) मागा, तेही लावण्याआधी.

कलम_बारा: एकाच कागदातली दोन विधानं भांडत असतील तर ८.२, म्हणजे निविदा स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय. आणि हा क्रम राज्य पीडब्ल्यूडीच्या बी-१, बी-२ या करारनमुन्यांना चिकटवू नका, तिथल्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. क्रमच लिहिलेला नसेल तर कोर्ट आधी दोन्ही कलमं एकत्र बसवून बघतं. अजिबात बसत नसतील तर दस्तात आधीचं कलम टिकतं. मृत्युपत्रात नेमकं उलटं, शेवटचं टिकतं.