शर्ली टेंपलच्या आयुष्याला यशोगाथा म्हणायचं का?

निळी_शाई
परवा एका ग्रुपवर जुन्या हॉलिवूडमधल्या बालकलाकारांचा विषय निघाला आणि नेहमीसारखं कोणीतरी म्हणालंच, की सगळीच मुलं काही वाया जात नाहीत, शर्ली टेंपल बघा. त्यावर लगेच चार-पाच अंगठे. मी तिथे काही लिहिलं नाही पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1928चा, कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला. वडील बँकेत. तीन वर्षांची असताना आईने डान्स क्लासला घातलं, तिथून शॉर्ट फिल्म्स, 1934ला फॉक्स स्टुडिओ, आणि 1935 ते 1938 सलग चार वर्षं अमेरिकेत तिकीटबारीवर एक नंबर, भलेभले हीरो मागे. ऐन मंदीचा काळ होता तो. 1950 मध्ये, बाविसाव्या वर्षी सिनेमा सोडला, पुढे घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली, 2014 मध्ये 85व्या वर्षी गेली.

आता दुसरी बाजू. त्या पहिल्या शॉर्ट फिल्म्सच्या सेटवर एक काळी पेटी होती, म्हणजे साउंडवाल्याची छोटी बंद खोली. आत बर्फाची लादी. जे मूल ऐकणार नाही, शॉट खराब करेल, त्याला त्या अंधारात नेऊन ठेवायचं, बसायचं तर बर्फावर बस नाहीतर ओल्या जमिनीवर उभं राहा. ही तीन-चार वर्षांची मुलं होती हो! हे तिने स्वतः 1988च्या आत्मचरित्रात लिहिलंय, कुणी उडवलेली बातमी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती चांगली निघाली म्हणून तिच्याशी जे केलं ते चांगलं होतं असं होत नाही. या दोन गोष्टी आपण एकत्र का करतो?

जुना_प्रोजेक्टर
असहमत, आणि जरा तावातावाने असहमत.

त्याच आत्मचरित्रात तिने असंही लिहिलंय की त्या पेटीने माझ्या मनावर कायमचा काही परिणाम झाला असं मला वाटत नाही. ते का गाळलंत? साठीची, राजदूत म्हणून काम केलेली, नातवंडांची आजी असलेली बाई स्वतः सांगतेय की मला काम आवडायचं, आई माझी मैत्रीण होती, आणि आपण इतक्या वर्षांनी तिला सांगणार की नाही बाई, तुझ्यावर अन्याय झाला, तुला कळलं नाही. आपण कोण लागून गेलो?

आई रोज रात्री तिच्या केसांना वळणं घालायची, मोजून 56. लोकांना हे वाचून वाटतं की बघा कशी बाहुली बनवली. पण थकलेल्या मुलीच्या मागे बसून रोज एवढा वेळ देणारी आई पण त्यात आहे ना. तिच्याबरोबरच्या किती मुलांकडे अशी आई होती?

आणि तिचं खरं आयुष्य सिनेमानंतर सुरू झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. भावाला मल्टिपल स्क्लेरॉसिस (मज्जासंस्थेचा आजार) होता, त्या आजाराच्या संघटनेच्या कामासाठी ती ऑगस्ट 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागला गेली होती आणि नेमके तेव्हाच सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. हॉटेलमधून तिने एका निःशस्त्र बाईला गोळी लागून पडताना पाहिलं. 21 वर्षांनी त्याच शहरात ती राजदूत म्हणून परत गेली आणि काही महिन्यांत तिथली कम्युनिस्ट राजवट तिच्या डोळ्यांदेखत गेली. 1972 मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला तर ऑपरेशननंतर हॉस्पिटलमधूनच जाहीरपणे बोलली, बायकांना सांगितलं की घाबरून घरी बसू नका, तपासून घ्या. त्या काळात हा शब्द लोक कुजबुजत बोलायचे. अशा बाईला बिचारी म्हणणं मला सहन होत नाही.

हिशेबनीस
दोघांचंही वाचलं. पैशांचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो.

सिनेमातून आणि बाकीच्या करारांतून तिने मिळवले 32 लाख डॉलरच्या वर. लग्न होऊन, घटस्फोट होऊन, दुसरं लग्न झाल्यावर तिने कागदपत्रं मागवून बघितली तर तिच्या नावावर उरले होते साधारण 44,000 डॉलर. बाकीचे कुठे गेले? घरखर्च, नोकरचाकर, नातेवाईक, आणि वडिलांनी सल्लागारांच्या भरवशावर केलेली गुंतवणूक. चोर नव्हते ते, सातवीपर्यंत शिकलेला माणूस, झेपलं नाही.

आणि यात वाईट काय तर तोपर्यंत कायदा आलेला होता. चॅप्लिनबरोबर 1921 मध्ये गाजलेला जॅकी कूगन, त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले, वडील 1935 मध्ये मोटार अपघातात गेले, त्याच वर्षी हा 21चा झाला आणि पैसे मागायला गेला तर आई आणि सावत्र बाप म्हणाले तुझा काही हक्क नाही. 1938 मध्ये त्याला स्वतःच्या आईवर कोर्टात जावं लागलं, हातात आले सव्वा लाखाच्या आसपास. त्यावर एवढी ओरड झाली की 1939 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याच्याच नावाचा कायदा केला. पण त्या कायद्यात पळवाटा होत्या, कोर्टाने मंजूर केलेल्या करारांनाच तो लागू व्हायचा. 15 टक्के रक्कम मुलाच्या नावे बाजूला ठेवलीच पाहिजे हा सरसकट नियम यायला 2000 साल उजाडावं लागलं.

मूल म्हणून तिने माफ केलं तो तिचा मोठेपणा. पण हिशेब हिशेबाच्या जागी.

तबकडी
अवांतर होईल कदाचित, पण तिचा आणि बिल रॉबिन्सन यांचा 1935चा तो जिन्यावरचा डान्स कोणी बघितला नसेल तर आधी बघा आणि मग भांडा. तो पन्नाशी उलटलेला कृष्णवर्णीय नर्तक, ही सहा वर्षांची, एकेक पायरी चढतायत आणि बुटांचा आवाज असा जुळलाय की डोळे मिटले तर पाय कुणाचा ते कळणार नाही. गोरी मुलगी आणि काळा पुरुष पडद्यावर जोडीने नाचले हे हॉलिवूडमध्ये पहिल्यांदा झालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांत त्यांनी एकमेकांचा हात धरलेला तुकडा कापून दाखवत. ती त्यांना बिलकाका म्हणायची.

असं काम बर्फाच्या धाकाने होत नाही. त्या मुलीला नाचायला मनापासून आवडत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

निळी_शाई
@तबकडी, डान्सबद्दल शंभर टक्के सहमत, मी तो कितीतरी वेळा बघितलाय. (त्याच सिनेमात रॉबिन्सनना नोकर म्हणून वाकायला लावलंय तेही बघा.) पण मुलाला आवडतं म्हणून आठवड्याचे सहा दिवस राबवायचं का? मुलाला तर गोळ्यापण आवडतात.

@जुना_प्रोजेक्टर, तुम्ही म्हणता तिचं ऐका. ऐकू या ना. त्या शॉर्ट फिल्म्समध्ये लंगोट आणि मोठ्या सेफ्टी पिना लावलेल्या मुलांना मोठ्या माणसांच्या सिनेमांची नक्कल करायला लावायचे, मुलींना नखरे करायला लावायचे. त्याबद्दल तिनेच लिहिलंय की तो आमच्या निरागसपणाचा सरळसरळ गैरफायदा होता. तिने आईवडिलांना माफ केलं, त्या धंद्याला नाही केलं. दोन्ही वाक्यं तिचीच आहेत, मग एकच का उचलायचं?

खडू_फळा
मी शाळेत शिकवते त्यामुळे माझं लक्ष वयाच्या गोष्टीकडे गेलं. स्टुडिओने तिचं वय एक वर्षाने कमी करून सांगितलं होतं, म्हणजे चमत्कार अजून मोठा वाटावा. बाहेरच्यांना सोडा, तिलाच खरं माहीत नव्हतं! बाराव्या वाढदिवसाला कळलं की आपण बारा नाही, तेरा वर्षांच्या आहोत. माझ्या वर्गातली मुलं साडेनऊ आणि पावणेदहा यावरून हमरीतुमरीवर येतात, त्या वयात एक अख्खं वर्ष गायब झालेलं कळणं म्हणजे काय असेल.

यातला अजून एक प्रसंग ऐका. 1939च्या नाताळच्या आदल्या रात्री ती रेडिओवर गाणं म्हणत होती आणि श्रोत्यांतली एक बाई पिस्तूल काढून तिच्यावर रोखून उभी राहिली. त्या बाईला वेळेवर पकडलं म्हणून शर्ली वाचली. त्या बाईची मुलगी गेली होती, आणि ज्या दिवशी गेली त्याच दिवशी शर्ली जन्मली आणि तिने माझ्या मुलीचा आत्मा चोरला असं त्या बिचारीच्या डोक्यात बसलेलं. तिला जी जन्मतारीख माहीत होती ती स्टुडिओने छापलेली, खोट्या वर्षाची. जाहिरातीसाठी मारलेली थाप एका वेड्या झालेल्या आईपर्यंत पोचली आणि तिथून अकरा वर्षांच्या मुलीच्या समोर पिस्तूल बनून आली. मला हे वाचल्यापासून ते दृश्य डोळ्यासमोरून जात नाही.

जुना_प्रोजेक्टर
@खडू_फळा, पिस्तुलाचा प्रसंग माहीत होता पण तारखेचा संबंध असा कधी लावला नव्हता. हे मला लागलं, मान्य करतो.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. बारा वर्षांच्या सुमारास तिचे दोन सिनेमे पडले आणि फॉक्सचा करार संपला, आणि आईबापांनी काय केलं? तिला मुलींच्या नेहमीच्या शाळेत घातलं. दुसरे कोणी असते तर तिला गावोगाव स्टेजवर नाचवलं असतं. मूकपटांच्या काळातली बेबी पेगी घ्या, दोन वर्षांची व्हायच्या आत कॅमेऱ्यासमोर, सहा-सात वर्षांची असताना बापाचं निर्मात्याशी भांडण झालं आणि सिनेमा संपला, मग त्याच मुलीला घर चालवायला वर्षानुवर्षं स्टेजवर फिरवलं, पैसे तर केव्हाच उडालेले. शर्लीच्या घरी तसं झालं नाही. घर महत्त्वाचं, स्टुडिओ सगळीकडे सारखेच.

हिशेबनीस
बेबी पेगी 101 वर्षं जगली, 2020 मध्ये गेली. म्हातारपणी तिने बालकलाकारांवर पुस्तकं लिहिली, त्यांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. म्हणजे ती पण 'चांगली निघाली' की! तिचं नाव कोणी यशोगाथा म्हणून घेत नाही कारण ती गप्प बसली नाही.

निळी_शाई
हेच मला म्हणायचं होतं आणि मला असं मांडता येत नव्हतं.

अजून एक नाव घेते. 1935 मध्ये शर्लीला मुलांसाठीचा तो छोटा ऑस्कर मिळाला, सर्वात पहिला. तोच छोटा पुतळा 1950 मध्ये बॉबी ड्रिस्कॉलला मिळाला, डिस्नेचा लाडका मुलगा. सोळाव्या वर्षी डिस्नेने सोडलं, मग ड्रग्ज. मार्च 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या एका ओसाड इमारतीत मेलेला सापडला, वय 31. ओळख पटेना म्हणून बेवारस म्हणून पुरला, हार्ट आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेवारसांना पुरायच्या बेटावर. बाप मरायला टेकला म्हणून आईने शोध सुरू केला तेव्हा बोटांच्या ठशांवरून, दीड वर्षाहून जास्त काळाने, कळलं की तो हा होता. जुना_प्रोजेक्टर, त्याच्या घरी काय चुकलं ते मला तरी सांगता येणार नाही. तुम्हाला येईल?

जुना_प्रोजेक्टर
नाही येणार. घर महत्त्वाचं हे मी अजून म्हणेन, पण बॉबीच्या आईला तोंडावर ते म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

मात्र शर्लीला बिचारी म्हणू नका, ही विनंती कायम.

निळी_शाई
नाही म्हणत. मी तिच्याबद्दल बोलतच नव्हते खरं तर. त्या शॉर्ट फिल्म्समध्ये तिच्या आजूबाजूला लंगोट लावलेली अजून कितीतरी पोरं दिसतात, तीन-चार वर्षांची, कोणी रडायच्या बेतात, कोणी कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे बघतंय. त्यातली पेटीत कोण कोण बसली? त्यांतली बहुतेक राजदूत झाली नाहीत, आत्मचरित्रं लिहिली नाहीत. मी काल रात्री एक परत लावून बघितली, मागच्या रांगेत डावीकडे एक मुलगा आहे, पूर्ण वेळ त्याचं लक्ष पडद्याबाहेर कुठेतरी एकाच जागी आहे. तो काय बघतोय तेच मी शोधत बसले.