भारतीय साहित्य, विश्वसाहित्य: फरक कुठं करायचा?

रंकाळाकाठची: कोल्हापुरात एम.ए. मराठी करतेय. रशियन साहित्य, फ्रेंच साहित्य आपण सहज म्हणतो. पण 'भारतीय साहित्य' म्हटलं की नेमकं काय धरायचं? आणि विश्वसाहित्य म्हणजे या सगळ्यांची बेरीज का?

जुना वाचक: बेरीज नव्हे, ताई. जर्मन कवी गटेनं १८२७ मध्ये विश्वसाहित्याची गोष्ट काढली, तेव्हा तो एक चिनी कादंबरी वाचत होता. आपल्या भाषेची वेस ओलांडून जे वाचलं जातं, ते विश्वसाहित्य. भारतीय साहित्याचं मात्र वेगळं आहे. फ्रेंचसारखी एक भाषा इथं नाही. साहित्य अकादमीच २४ भाषांत पुरस्कार देते. आपले खांडेकर कोल्हापुरात बसून मराठीत लिहीत होते आणि तिकडं तमिळ वाचक त्यांच्या अनुवादांवर जीव टाकत होते. ही भाषाभाषांतली ये-जा मला भारतीय साहित्याचा कणा वाटते. उलट स्पॅनिश बघा, भाषा एक आणि राष्ट्रं कितीतरी!

पेठकर: पटलं, पण वेशीवर इंग्रजी उभी आहे हे विसरू नका. तुकोबा बाहेर पोचले ते बरेचसे दिलीप चित्र्यांच्या इंग्रजी अनुवादामुळं. म्हणून मला सोव्हिएत काळात मॉस्कोत छापून थेट मराठीत आलेल्या रशियन पुस्तकांचं अप्रूप वाटतं. जाड पुठ्ठा, स्वस्त किंमत, शेतकऱ्याच्या घरातही गॉर्की!

रंकाळाकाठची: मग तमिळ अनुवादांपासूनच सुरुवात करते. खांडेकर तिकडं कुणी नेले, सर?

जुना वाचक: का. श्री. श्री. यांनी. तिथूनच धरा.